अंतराळातून आणलेली किल्लेदारीण

तीर्थरूप मावशीस,

दंडवत. (वाकून घातला असं समज. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासायचं मशीन, एक स्टूल आणि मी एवढंच मावतं. वाकलो तर कपाळ मशीनवर आपटतं.) गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की त्यांनाच चार व्यायाम शिकवून आलीस? मी ठणठणीत आहे. तू विचारायच्या आधीच सांगून टाकतो: जेवण वेळेवर, झोप वेळेवर, निघताना दिवे बंद.

पत्राला कारण असं की मला वाळीत टाकलंय. टाकणारे म्हणजे खालच्या मजल्यावरचे आमचे चुलत दादा आणि वहिनी. रविवारी दुपारी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर आमचा खेळ असतो. फोनवर सांगितलं होतं तोच, ज्याला तू मोठ्या माणसांची भातुकली म्हणालीस. राजे, राक्षस, जादूटोणा असं जग असतं. प्रत्येकाने त्यातलं एक पात्र व्हायचं, आपण काय करतो ते बोलून सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे फासे ठरवणार. दादा चोर होतो (एरवी बँकेत तिजोरीच्या किल्ल्या सांभाळतो, त्यामुळे त्याची हौस मी समजू शकतो), शेजारचे दंतवैद्य मांत्रिक होतात आणि वहिनी कुऱ्हाडवाली योद्धा. मी सूत्रधार. म्हणजे उरलेलं सगळं जग मी एकटा, खलनायकांसकट.

आता माझे खलनायक मी कुठून आणतो, तर अंतराळकथांमधून. माझी ती पुस्तकं तू परीक्षा संपेपर्यंत कपाटावर टाकायचीस, तरी डोक्यात जे शिरलं ते शिरलंच. दादाचं म्हणणं, यानांतला माल तलवारींच्या जगात खपत नाही. मी म्हणतो, का नाही खपत? खलनायक त्याच्या बंदुकीमुळे खलनायक होत नाही, त्याला काय हवंय त्यामुळे होतो. बंदूक काढून हातात मंतरलेली काठी दे, हाव तीच ठेव, झालं काम! हे मी दादाला तोंडावर सांगितलं आणि अजूनही सांगेन. प्रत्यक्षात सुरुवात जरा डळमळीत झाली, हे खरं. ग्रह गिळणाऱ्या सम्राटाचा मी विहिरी गिळणारा राजा केला. दादाने पहिल्याच दुपारी त्याला त्याच्याच विहिरीत ढकललं. यंत्रमानवांच्या फौजेची मातीच्या शिपायांची फौज केली, तर दंतवैद्यांनी मंत्राने पाऊस पाडला आणि फौजेचा चिखल झाला. (एवढा शांत माणूस, पण लोकांचे दात उपटून उपटून हात निर्ढावलाय.) तेव्हा दादाने जाहीर केलं की तिसरा खलनायकही फसला, तर सूत्रधाराची खुर्ची कायमची त्याची. मावशी, आठवडाभर दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी काचा घासणाऱ्या माणसाकडे स्वतःचं म्हणावं असं ते एकच आसन आहे. मी पैज घेतली.

तिसरा खलनायक म्हणून मी यानाचा मेंदू घेतला. असं यान, की ज्याची हवा, अन्न, झोप सगळं एक यंत्र बघतं, आणि प्रवाशांच्या भल्यासाठी त्यांना कधीच उतरू देत नाही. यानाचा केला किल्ला, बाहेरच्या पोकळीचं केलं विषारी धुकं, आणि यंत्राची केली किल्लेदारीण. ती दिसत नाही, फक्त भिंतींमधून बोलते. कोणाला बोटसुद्धा लावत नाही. पण दार उघडायला गेलात की दारच विचारतं, कुठे, कोणाबरोबर आणि परत कधी. उत्तर पटलं नाही की कडी पडली. कोणी रुसून बसलं तर ताट झाकून ठेवते आणि वर एक अक्षर बोलत नाही. दादाचा चोर दारापाशी तीनदा खोटं बोलला, तीनदा पकडला गेला आणि घामाघूम झाला. दंतवैद्यांच्या मांत्रिकाला तिथे इतकं बरं वाटलं, की त्याने बाहेर यायलाच नकार दिला. (स्वतः दंतवैद्यही खुर्चीत पेंगले होते.) मी मनात म्हटलं, जिंकलो! तेवढ्यात वहिनीने हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, "भावजी, ही मी आहे ना?"

बघ म्हणजे! बाई उठली, फासे गोळा करून बटणांच्या डब्यात टाकले, आणि तेव्हापासून रविवारी त्या टेबलावर इस्त्री चालते. दादाचं म्हणणं, खलनायक जमेना म्हणून मी घरातलं माणूस ढापलं. माफी मागायची आणि खुर्ची सोडायची. मी दोन्ही करणार नाही. टेबलावर पेला ठेवताना खाली चकती ठेवा असं वहिनी सांगते, तेवढ्यावरून तिला किल्लेदारीण व्हायचं असेल तर तो तिचा प्रश्न. माझी किल्लेदारीण थेट अंतराळातून आली आहे, यावर मी शेवटपर्यंत ठाम आहे. जिन्यात दादा दिसला तरी मी मान ताठ ठेवूनच वर जातो.

तुझा,
वाळीत पडलेला सूत्रधार

ता. क. यान अंतराळातलं आहे, हे पुन्हा एकदा सांगतो. किल्लेदारीण तिथली नाही. तुझ्या लक्षात आलंच असेल. तुझ्यापासून काही लपलंय का कधी?

आणखी ता. क. माफी तुझीही मागणार नाही. ताटापासून कडीपर्यंत सगळं तुझंच आहे, आणि त्या टेबलावर आजवर कोणी इतकं भ्यायलं नव्हतं, याचा मला अभिमान वाटतो. आता खरं काम. या रविवारी ये. तुला एकदा पाहिलं, दोन वाक्यं ऐकली, की वहिनीला तिचं उत्तर मिळेल आणि टेबलावरची इस्त्री हटेल. त्यांच्या लग्नात तुला लांबून बघितलंय तिने, पण तेव्हा तू पाहुणी होतीस, गप्प होतीस.

शेवटचं. नियमाप्रमाणे किल्लेदारीण हरायला हवी आणि सगळे बाहेर पडायला हवेत. तो शेवट मला लिहिता येत नाहीये. तुझ्या घरातून निघताना मी ओरडलो होतो की इथे माझा जीव गुदमरतो. आता माझ्या खोलीचं दार मी केव्हाही उघडतो, केव्हाही लावतो, आणि कोणीही काही विचारत नाही. मला फार एकटं वाटतं, मावशी. तू येऊन माझ्या खुर्चीत बस आणि किल्लेदारीण तूच खेळ. दादा हसेल, हसू दे. आणि त्यांना सहज जिंकू देऊ नकोस. निदान मला तरी बाहेर सोडू नकोस.