रुझित्साच्या अर्ध्या घराची बोलणी

झेमून, संत निकोलाच्या सणाचा दुसरा दिवस

प्रिय झिवानभाऊ,

वितोमिरचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? बर्फात बाहेर पडू नका. माझी छाती धडधडते, पण ते नेहमीचंच. माझ्या लग्नात साक्षीदार म्हणून तुम्हीच उभे होता, तेव्हा हे दुसऱ्या कोणाला लिहू?

वडिलांचं भाड्याने दिलेलं घर माझं आणि धाकट्या बहिणीचं, रुझित्साचं, अर्धं-अर्धं, हे तुम्ही जाणताच. छत गळतंय. भाडेकरू (दातांचा डॉक्टर, स्वभावाने गरीब) बादल्या लावून थकला, सोडून जातो म्हणतो. तो गेला तर माझी चूल कशावर पेटायची? दुरुस्तीला रुझित्साची सही मागितली, तर म्हणते, "गळतंय ते तुझ्या अर्ध्यात, दादा. माझं अर्धं कोरडं आहे." तेव्हाच ठरवलं, तिचा वाटा विकत घ्यायचाच.

काल तिच्या सासरच्या कुलसंताचा, संत निकोलाचा सण. त्या दिवशी आमंत्रण लागत नाही आणि आलेल्याला हाकलताही येत नाही. बोलणी करायला याहून बरा दिवस कुठला? रिकाम्या हाताने जाववेना, म्हणून अख्खं भाजलेलं डुकराचं पिल्लू चादरीत गुंडाळून नेलं (आमच्या घरच्या कुलसंताच्या, संत जॉर्जच्या सणाला तेच लागतं, त्या सवयीने). फाटकाशी माशांचा वास आला आणि आठवलं. नाताळचा उपास! मासा चालतो, मांस नाही. संत निकोला उपासातच येतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. परत फिरणार, तोच मागून पाद्रीबाबा आले. "वितोमिर, या वयात बाप्तिस्म्याला बाळ आणलंस?" आवाज ऐकून बाहेर आलेल्या रुझित्साने चादर उचलली. "एवढ्या वर्षांनी उगवलास, तो माझ्या नवऱ्याचा संत बाटवायला?" मेव्हणा स्वेतोझार म्हणाला, "येऊ दे गं. गळक्या अर्ध्यात बसव त्याला."

पिल्लाला बर्फात ठेवलं, मला आत घेतलं. प्रसादाचे चमचाभर उकडलेले गहू खाल्ले, मासा पुन्हापुन्हा घेतला, टोमणे गिळले. पण डगमगलो नाही. तिचा वाटा मी घेणार म्हणजे घेणार.

तब्येतीला जपा.

तुमचा,
वितोमिर

ता. क. डगमगलो नाही हे खरं, पण विषय काढायचा राहून गेला. तोंड उघडलं की ती ताटात मासा वाढायची. तेव्हा तुम्हीच येऊन तिला विचारा. तुमच्यापुढे ती आवाज चढवत नाही.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होतो, तर रुझित्साच फाटकात उभी! ओरडते आहे, "दादा, उघड! तुझं अर्धं मला विक, म्हणजे छत तरी नीट होईल!" मी पडदा ओढून घेतला आहे. विकणार नाही म्हणजे नाही. तिने बरोबर छपराचा कारागीर आणलाय; माणूस चांगला दिसतो. झिवानभाऊ, फार दिवस मला दार बंद ठेवता यायचं नाही. लवकर या.