तेवढेच गुण

बाबा, हे पान मी हाताने लिहितेय, कारण स्क्रीनकडे पाहिलं की डोकं फुटायला येतं. इथे अमेरिकेत, एडिसनमधल्या ज्या घरात मी भाड्याने राहते त्याच्या तळघरात, पडदे ओढून, सकाळी अकरा वाजता गॉगल लावून बसलेय. तुम्ही असतात तर आधी हसला असतात आणि मग विचारलं असतंत, काय लपवतेयस? तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मराठीत लिहावं असं मला तुमच्याशिवाय कोणी नव्हतंच.

आपलं जर्मनीतलं स्वयंपाकघर आठवतं मला. त्या गावात दुसरं मराठी घर नव्हतं, म्हणून रविवारी आइस हॉकीच्या रिंकवरून आलं की एक पान मराठी लिहायचं. "आठवडाभर जर्मन बोल, भांडण पण जर्मनमध्ये कर, पण रविवारी मला एक पान हवं," असं तुम्ही म्हणायचात. मी लिहीत बसते आणि तुम्ही समोर माझे स्केट्स मांडीवर घेऊन बसता. कारखान्यात दिवसभर हत्यारांना धार लावण्याचंच काम, तरी घरी येऊन छोट्या दगडाने पात्यांची खरखर घालवता आणि अंगठ्याचं नख त्यांवर आडवं ओढून पाहता. नखाचा पांढरा भुगा निघाला की स्केट्स पास.

मी अकरा वर्षांची होते. मुलींचा संघ नव्हता म्हणून मुलांबरोबर खेळायचे, आणि मुलांसमोर रडायचं नाही हा माझा माज. त्या रविवारी उजव्या हाताचं बोट मोडलं होतं आणि मी कुणाला बोलले नव्हते. चमचा डाव्या हातात धरला, आईच्याही लक्षात आलं नाही. पण पान तुमच्यापुढे ठेवलं आणि तुम्ही ते वाचलंही नाहीत, नुसतं पाहिलंत. अक्षरांवरच्या रेघा वाकड्या पळत होत्या. "हात दाखव," म्हणालात. बोट जांभळं झालं होतं. तुम्ही एरवी आवाज चढवणारे नव्हतात, पण त्या दिवशी ओरडलात, "लागलं तर सांगायचं! लपवून खेळणारी शूर नसते, मूर्ख असते!" मी दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला. पुढच्या रविवारी डाव्या हाताने पान लिहिलं, तेव्हा तुम्ही हसलात आणि तो छोटा दगड माझ्या तळहातावर ठेवलात. तो अजून माझ्या बॅगेत आहे.

सतराव्या वर्षी मला जर्मनीची जर्सी मिळाली, ती तुम्ही पाहिलीत. पुढचं नाही पाहिलंत. अर्धा दिवस बेकरीत पाव भाजायचे, अर्धा दिवस सराव, मग अमेरिकेतलं कॉलेज, मग इथला क्लब. बायकांच्या हॉकीवर पोट भरतं असं समजणाऱ्यांना मी आता समजावतही नाही. चार वर्षांपूर्वी आमचा संघ सगळ्यात मोठ्या स्पर्धेला गेला आणि मी बांधलेला गुडघा खुर्चीवर ठेवून तो टीव्हीवर पाहिला. आता मी एकतीस वर्षांची आहे. शुक्रवारी त्याच स्पर्धेच्या निवड शिबिराला जायचं विमान आहे. हे हुकलं की संपलं, बाबा. मला दुसरं काही येत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी सामन्यात रबरी चकती मिळवायला कोपऱ्यात गेले आणि मागून आलेल्या धडकेने डोकं कडेच्या भिंतीवर आपटलं. दर वर्षी सप्टेंबरात, हंगामाआधी, आमची एक चाचणी होते. संगणकावर शब्द लक्षात ठेवा, आकृत्या ओळखा, झटपट बटण दाबा. डोक्याला मार बसला की तीच चाचणी पुन्हा, आणि गुण घसरले तर खेळ बंद. म्हणून आम्हा खेळाडूंचं एक दीडशहाणपण चालतं, सप्टेंबरात मुद्दाम चुकायचं. पुढे मार बसलाच तर घसरायला जागाच उरत नाही. मीही चुकले, आळोखेपिळोखे देत, शेजारणीकडे बघून हसत. धडकेनंतर पुन्हा चाचणी झाली, तर गुण तेवढेच. "यू आर गुड टू गो," संघाची ट्रेनर म्हणाली आणि तिने खेळायच्या परवानगीचा सही केलेला कागद हातात दिला. मी निर्धास्त झाल्यासारखं दाखवलं.

वर घरमालकीण काकू राहतात, मूळच्या नागपूरच्या, निवृत्त डॉक्टर. काल दुपारी त्यांच्याकडे मी आमटी केली. पहिला घास घेऊन त्यांनी चमचा खाली ठेवला.

"अगं, मीठ किती वेळा घातलंस?"

"एकदाच, काकू."

"तीनदा. मी दोनदा टोकलं तुला, तू हो हो म्हणालीस. आणि घरात गॉगल कशाला? मी पस्तीस वर्षं पेशंट्स बघितलेत, मला फसवू नकोस. ट्रेनरला फोन कर आणि ती फ्लाइट कॅन्सल कर. डोक्याला सेकंड हिट बसला ना, तर हॉकी राहू दे, स्वतःचं नाव आठवणार नाही."

"मी टेस्ट पास झालेय."

"कशी पास झालीस, ते सांग मला."

मी ताट तसंच टाकून खाली आले. उर्मटपणाच झाला तो. पण त्यांनी मला टोकलेलं मला आठवत नाही, बाबा. सकाळपासून आठवून पाहतेय. आमटीचा वास आठवतो, फोडणी तडतडलेली आठवते, त्यांचा आवाज नाही. मला खूप भीती वाटतेय. खेळले तर काय होईल याची वाटते, आणि खेळले नाही तर मी कोण उरेन याची त्याहून जास्त.

आता वरच्या ओळी पाहिल्या. रेघा अक्षरांवरून सुटून खालच्या ओळीत शिरल्यात. हात तर धडधाकट आहे. तुम्हाला वाचावंसुद्धा लागलं नसतं.

हे पान तुमच्यापर्यंत जायचं नाही, म्हणून ते काकूंना दाखवावं असं मनात आलं. दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि परत आले, कारण त्या पुन्हा तेच विचारतील आणि त्याचं खरं उत्तर मी कुणालाच दिलेलं नाही. तुम्हाला देते. सप्टेंबरात मी मुद्दाम चुकले होते. धडकेनंतर नाही. त्या दिवशी मी जीव तोडून, एकेक शब्द ओठांत घोळवत, सगळं बरोबर द्यायचा प्रयत्न केला होता. गुण तेवढेच आले.