गाडीवरचा आवाज

८ सप्टेंबर

आजही कचऱ्याच्या गाडीवर शर्मिलावयनीचाच आवाज! "गाडी इली गो वयनींनो! ओलो कचरो वेगळो, सुको वेगळो!" आई बादली घेऊन निघाली ती ओट्यावरच थांबली.

वयनीला जाऊन पंधरवडाही झाला नाही. लेप्टोच्या तापाने गेली. पंचायतीच्या कचरा-शेडमध्ये चिखलपाण्यात उघड्या हातांनी कचरा निवडायची. हातमोजे, गमबूट एकच जोड आला, तो बाबूला. बाबू गाडी चालवतो म्हणून कर्मचारी. निवडणाऱ्या बायका स्वयंसेविका!

आवाज मीच मोबाइलवर भरला होता. तेव्हा म्हणालेही, पुरुषांनाही बोलव की. कसली हसली! "बापये खंय येतत गो बादली घेवन?"

९ सप्टेंबर

बाबूला म्हटलं, बंद कर ते.

"दुसरो आवाज खंय आसा? तिच्या घराकडे इलो काय मी बारीक करतंय. तरी देवेशदादा फाटकात उभो."

देवेशदादा, वयनीचा नवरा. रोज बादली घेऊन उभा असतो म्हणे. रिकामी.

११ सप्टेंबर

शेडवर गेले. चाकरमानी परत गेले, गणपतीचा थर्माकोल इथे राहिला. ढीग पत्र्याला टेकलाय. वयनीच्या पोत्यावर तिच्या बसण्याचा खळगा अजून तसाच. ओलांडून जायलाही पाय उचलेना.

१२ सप्टेंबर

उपसरपंच म्हणतात, "आवशीची जागा समीक्षाक दिया. शाळेतसून येवन बसात."

समीक्षा, वयनीची मुलगी. दहावीत आहे!

मी विचारलं, पुरुष का नाही बसत? "बायकांचे ते पॅडबिड, बापयो हात लावतलो?"

घरी येऊन विराजला विचारलं. भाऊ माझा, घरीच असतो. "ताई, माझा लगीन होवचा आसा मां?" आई हसली. मला नाही आलं हसू.

१४ सप्टेंबर

समीक्षाच आली. मला वाटलं रडेल, नको म्हणेल. तर —

"ताई, मी बसतंय. गाडी शेडवर येयसर वाजत आसता. थंय बसलंय तर आयेचो आवाज जवळसून आयकाक येता."

तोच खळगा, त्यात ही पोर.

तिच्या घरातल्या फोनवर वयनीचा आवाज पाठवला. म्हटलं, घरी ऐक. शेडवर जायचं नाही.

१५ सप्टेंबर

ग्रामसभा. उभी राहिले. म्हटलं, समीक्षा नको.

उपसरपंच म्हणाले, "मगे कोण बसतला?"

पुरुष खाली बघत होते. देवेशदादासुद्धा. बायका माझ्याकडे. मग मीच म्हणाले, मी बसते.

टाळ्या वाजवल्या! शिकलेली मुलगी, आदर्श घालून दिला, वगैरे. हातमोजे मागितले. "येतले, येतले."

आई रात्री जेवली नाही. "ह्याच्यासाठी शिकयलंय तुका?" इतकंच. घरात पहिली पदवी माझी.

१७ सप्टेंबर

शेडवर पहिला दिवस. वयनीचं पोतं उचलून बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं. बाबू म्हणाला, आता बसलीच आहेस तर आवाजही तूच भर.

१८ सप्टेंबर

आज गाडीवर माझा आवाज. 'वयनींनो' काढून 'बापयांनो' घातलंय.

आईने खिडकी लावून घेतली.