नुसते ओठ

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावर सूड उगवायची माझी हौस काही फिटलेली नाही. झालं असं, की लेक गाडी चालवत होती, नामपल्लीच्या गर्दीत आम्ही अडकलो होतो आणि तिनं एक गाणं लावलं. जुन्या अमेरिकन सोल गाण्यांच्या धाटणीवर इथल्याच पोरांनी काढलेला नवा बँड. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि त्या सगळ्यांना पुरून उरणारा एका बाईचा जाडाभरडा, खरखरीत आवाज. "आई, सुन तो, कैसा गळा आहे! एकदम तुझ्यासारखा." याच गळ्याला तुम्ही काय म्हणाला होतात, ते तिला काय सांगणार?

मी शाळेत आहे, काचीगुड्याच्या तुमच्या गाण्याच्या खोलीत गणपतीतल्या समूहगान स्पर्धेची तालीम चाललीय. तुम्ही प्रत्येकीच्या तळव्यावर खडीसाखर ठेवताय, माझ्याही. आणि सगळ्यांदेखत म्हणताय, "बेगम बाजारातला हमाल याहून गोड ओरडतो. रांगेत एक मुलगी कमी दिसायला नको, म्हणून उभी राहा. नुसते ओठ हलव." मी हलवले. आपला पहिला नंबर आला, सगळ्यांना स्टीलचा डबा मिळाला, मलाही. घरी येताना आई केवढ्या कौतुकानं म्हणाली, "तुझा आवाज मला वेगळा ओळखू आला गं." ती जाईपर्यंत तिला खरं सांगायचा धीर मला झाला नाही. हमाल म्हणालात ते मी केव्हाच गिळलं. आईचं हे कौतुक गिळवत नाही. त्या डब्यात मी डांबरगोळ्या ठेवते, मुद्दाम.

म्हणून शनिवारी त्या बँडच्या कार्यक्रमाला लेकीबरोबर पहिल्या रांगेत जाऊन बसले. दुसऱ्या बाजूला मनातल्या मनात तुम्हाला बसवलं, तुमच्या त्या कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पातळासकट. ती गायिका घशातून अशी काही गुरगुरली, की सगळं सभागृह उभं राहिलं. झाका आता कान, मी तुम्हाला म्हटलं. इतकी खूश मी कित्येक दिवसांत झाले नव्हते. मग तिनं माइक आमच्याकडे धरला. "शरमाते कायकू? जोर से गाओ ना!" लेक बेंबीच्या देठापासून गात होती, मीही तोंड उघडलं. गाणं संपल्यावर तिनं मला मिठी मारली. "आई, तुझा आवाज आला मला! क्या गायलीस!"

बाई, मी नुसते ओठ हलवत होते.

हा कागद त्या डब्यातच घालणार आहे, गोळ्यांखाली. लेकीला मात्र अजून खरं सांगवलं नाही.