उतरलेला ताप

बालाघाट, १२ ऑक्टोबर १९९८

ती. ज्योत्स्नाताईस अश्विनचा सा. न. वि. वि.

बसचा कंडक्टर घनश्याम याच्या हाती चिठ्ठी देऊन राह्यलो, टपालाची वाट पाहण्यात बाबा हातचे जातील. त्यांचा डेंगूचा ताप सकाळी उतरला अन् ते दवाखान्यातून पायी घरी आले. आपल्या घरची रीत तुले माहीतच आहे: ताप गेला की डोक्यावरून कडुनिंबाचं पाणी, देवीले, मातामायले नारळ, अन् बिमारी सुटली. आईनं पाणी तापवायले ठेवलं. डॉक्टर माझ्यावर कावले. म्हणाले, विषाणूशी लढताना अंगातच असं काही तयार होते की रक्तनळ्यांचं आतलं अस्तर ढिलं पडते, अन् रक्तातलं पाणी पोटात-छातीत झिरपते. पंक्चर नसलेल्या ट्यूबमधून हवा जाते तसं. (भरवेलीत एक जुनी राजदूत फटफटी विकायले आहे, पण ते मागून लिहीन.) खरा धोका ताप उतरल्यावरच. बाबा म्हणतात, माझं कपाळ थंडगार आहे, डॉक्टरचंच तपासून घे. मी थकलो. ते तुझंच ऐकतात. चार दिवसांच्या बाळंतिणीले तरास देऊन राह्यलो, रागावून घे पण लिही.

तुझा अश्विन

लालबर्रा, १२ ऑक्टोबर, दुपार

चि. अश्विन यास अनेक आशीर्वाद.

राजदूत घे नाहीतर हत्ती घे, पण बाबांजवळून हलू नको. त्यांना समजावणं सोड, आईला सांग: माझं बाळ चार दिवसांचं आहे, आपल्या रीतीनं माहेरीही सोयर आहे. सोयरात मातामायला नारळ चालतो काय? अन् नारळाविना बिमारी सुटत नाही, ही तिचीच रीत. म्हणजे बाबा अजून बिमारच आहेत. बिमार माणूस दवाखान्यात असतो. काहून घरी आणलं, असं मीच विचारते म्हणून सांग. लवकर कळव, माझा जीव टांगणीला आहे.

तुझी ताई

बालाघाट, १४ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

आईनं चुलीवरून पाण्याचा गंज उतरवला अन् बाबांले स्वतः रिक्षात बसवलं. माझ्या विज्ञानाले कोणी विचारलं नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचे हातपाय गार पडले, पोट फुगलं, नाडी सापडेना. सलाईनवर सलाईन. डॉक्टर म्हणाले की घरी थांबले असते तर गेलते. काल दिवसभर आम्ही दोघं एका गोष्टीची वाट पाहत बसलो, की बाबांले लघवी कधी होते. सकाळी झाली, भांडंभर. डॉक्टर म्हणाले, आता वाचले.

बाबा भयंकर चिडले आहेत, कारण आई ही लघवीची बातमी वॉर्डातल्या प्रत्येक खाटेले सांगून आली. माया असू दे.

तुझा अश्विन