एक्केचाळिसावा फॉर्म

प्रिय मेघा,

एक्केचाळिसावा फॉर्म तिसऱ्यांदा परत आला. शेरा तोच: 'उत्पन्न शून्य, म्हणून बुडालेल्या दिवसांचं नुकसान शून्य. दुरुस्त करा.' किती वेळा गं तेच तेच?

तुमचा अभ्यास मला पटला, म्हणून तर हे सर्वेक्षणाचं काम धरलं. जिल्ह्याचं उत्पन्न वाढलं म्हणून टाळ्या पिटायच्या आधी बिघडलेल्या हवेचं नुकसान त्यातून वजा करायचं. सरळ गोष्ट आहे. पण धुळ्याजवळच्या आमच्या गावात येऊन बघ. रस्ता रुंद होतोय, खडी क्रशर वाढलेत, डंपर दिवसभर पळतात. ती सगळी वाढ. धुळीनं कापूस मळला, भाव पडला, ते वजा. डंपरवरच्या हेमराजभाऊंना दमा लागला, वीस खाडे झाले. तेही वजा, कारण ते रोजावर. आणि त्याच दम्याची औषधं मेडिकलवाल्यानं विकली, ती पुन्हा वाढीत! इथवर मी चालवून घेतलं.

पण या फॉर्ममधली बाई बासष्ट वर्षांची. गोठा, पाणी, स्वयंपाक, घरच्या शेतात निंदणी, सगळं एकटीच्या अंगावर. दोन वर्षं धूळ खाऊन आता चार पावलं टाकली की धाप लागते. तिच्या कामाला दोन बायका रोजानं लावाव्या लागल्या, आणि त्यांची मजुरी तुम्ही उत्पन्नात धरलीत! म्हणजे ती आजारी पडली आणि गावाची प्रगती झाली. अभ्यास चालवणारे तुमचे सर म्हणतात, पद्धतीत बसत नाही. मग पद्धत काय देवानं केली?

फॉर्मवर नावं नसतात, म्हणून तुला कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. ती माझी आई, भिकुबाई. परवा माझ्या हातात कागद बघून तिनं विचारलं, "मना नावपुढे काय लिखं?" मी म्हटलं, पुष्कळ. ती समाधानानं म्हणाली, "बरं शे." तेव्हापासून घास गोड लागत नाही. रोजानं लावलेल्या त्या दोघींची वर्षाची मजुरी आईच्या नुकसानीत लिहून फॉर्म चौथ्यांदा पाठवतेय. सोमवारी सरांपुढे हा आकडा तू वाच. खोडायचाच असेल तर आधी इकडे ये आणि का खोडला ते तिच्यासमोर बसून तिला सांग. माझ्यानं नाही होणार.

तुझीच,
दिपमाला