आबा मोठ्यानं गात

दापोडी, सोमवार, ६ फेब्रुवारी १९५६

पिठलं! चार दिवसांत अकरा घरचं पिठलं. मयताच्या घरी चूल पेटवायची नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी पोचवायची — रिवाज उत्तम आहे, तक्रार नाही. पण अकरा घरांपैकी एकालाही दुसरा पदार्थ सुचू नये? शोकाचं एक वेळ सोसेन, बेसनाचं सोसवत नाही. पहिली आली गोजाबाई, पलीकडच्या मळ्यातली. म्हटलं, आम्ही ख्रिस्ती, आमच्यात हे नाही. म्हणाली, "तुमी किरिस्तावं, आमी देव-देव करणारी. पिठल्याला कुठं ठावं हाय?"

आबा गुरुवारी गेले. शुक्रवारी माती दिली. पाळकसाहेबांनी मला कामाला लावलंय — एकोणीस तारखेच्या उपासनेत वाचायला वडिलांचा जीवनवृत्तांत, दोन पानं. "तुम्ही पेपरात लिहिता, तुम्हाला काय अवघड?" पंधरा वर्षं पुण्याच्या पत्राला जत्रा, चोऱ्या आणि सत्कार कळवतोय. ही बातमी कधी कळवली नव्हती.

मंगळवार, ७

'कै. रंगराव' लिहिलं. सवयीनं. मग लक्षात आलं, रोज दोनदा प्रार्थना करणारा माणूस कैलासात कशाला जाईल? खोडलं. दिवसाचं काम एवढंच.

गुरुवार, ९

जमलं ते असं — नगरकडचे. रेल्वेत गँगमन, मग मुकादम. तेहतीस वर्षं रूळ, आणि त्याहून जास्त वर्षं एकही रविवार चुकला नाही. मला शास्त्रीबुवांकडे संस्कृतला घातलं, तेव्हा मंडळीत कुजबुज झाली. आबा म्हणाले, "देवाला समद्या भाषा येतात. पोराला एखादी जास्त येऊ द्या."

गाण्याचं कसं लिहावं? आबांना सूर नव्हता. पेटी एका गावाला, आबा दुसऱ्या. तरी पूर्वी हळू गात. माझी मुलगी एस्तेर झाली, तिला ऐकू येत नाही हे कळलं, आणि आवाज दुप्पट झाला. पोर पुरुषांच्या बाजूला आबांच्या मांडीशी बसायची, तळहात त्यांच्या छातीवर ठेवून. ते गायला लागले की तिचे ओठ हलत. पाळकसाहेबांनी एकदा हळूच सुचवलं — जरा बेतानं, रंगराव. आबा म्हणाले, "बेतानं गायलो तर हिला पोचत न्हाई, साहेब."

 त्या रविवारपासून पेटीवाला भाता जोरात मारायला लागला.

शनिवार, ११

मुंबईच्या मूकबधिर मुलांच्या शाळेचं पत्र आलं. जूनपासून एस्तेरला जागा आहे. राहायचं तिथंच. महिनाअखेर होकार कळवा. दहा वर्षांपुढची मुलं घेत नाहीत. एस्तेरला नऊ संपत आली. दोन वर्षांपूर्वीही असंच पत्र आलं होतं.

सुमननं पत्र वाचलं, घडी घालून माझ्यापुढं ठेवलं. "आता अडवायला कोणी नाही." माझी बायको सासऱ्याच्या मातीला रडली नाही, हे गल्लीनं पाहिलंय.

आजूबाजूला वेगळाच सूर. गोजाबाई म्हणते, "नातीवर केवढा जीव! म्हाताऱ्यानं पोर नजरंआड होऊ दिली न्हाई. कागदात लिवा बरं का."

लिहितो म्हणालो.

मंगळवार, १४

तिकडे लिहिण्याआधी इथे लिहितो. आबांनी अडवलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी पहिलं पत्र आलं, तेव्हा पास काढून ते एकटेच मुंबईला जाऊन शाळा बघून आले होते. आल्या आल्या, टोपीसुद्धा न काढता — "अरे, बाई पोरांचा हात आपल्या गळ्याला लावती. आपण करतो तेच. पण त्यातून शब्द काढती रे! पाठव तिला."

नकार मी कळवला. मुलीची जात, मुंबईची हवा, वसतिगृहातलं अन्न — पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, सगळं सशास्त्र. सुमन ऐकेना, तेव्हा तिला सांगितलं, आबाच सोडायला तयार नाहीत. आबा दारातच उभे होते. एक शब्द बोलले नाहीत. पुढे एकटा सापडलो तेव्हा म्हणाले, "खपव माझ्या नावावर. म्हाताऱ्याला शोभतं. पण पुढच्या खेपेला नको."

रविवार, १९

वाचलं. गाण्यापाशी लोक हसले, पेटीवाला सगळ्यांत जास्त. मग शेवटचा परिच्छेद — आबांना नातीला शाळेत पाठवायचं होतं. मी पाठवलं नाही, आणि नाव त्यांचं सांगितलं.

पाळकसाहेब पुढच्या गीताचा आकडा सांगायचं विसरले.

परतताना रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी पुरती गेली. मग सुमन म्हणाली, "दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. ताट नुसतं सरकवत होते. तुम्हाला दिसत होतं ना?"

"हो."

"ते विचारायचे, मीठ आहे का गं सुमन. मी वाटी आपटायची."

फाटक उघडलं. ती एस्तेरचा हात धरून पुढं गेली.

गुरुवार, २३

होकार पोस्टात टाकला. घरात आता ताट माझ्याकडे सरकवलं जातं. मीठ मागत नाही.

बुधवार, २९

मुलीची जात, मुंबईची हवा — यातलं एकही कारण खरं नव्हतं. एस्तेर आबांची होती. माझ्याकडे यायची ती पेन्सिल मागायला. मला वाटायचं, आबा म्हातारे आहेत, आज ना उद्या जातील, मग ही माझ्याकडे येईल. म्हणून घरी ठेवून घेतली. आबा गेले. ती आली नाही. शाळेला तीन महिने आहेत, आणि तेवढ्यात मी तिचा कोणी होईन असं मला वाटत नाही.